अक्कांच्या गच्चीवरचा पत्रा

अक्का कुणाला घरात बोलवत नसत. फाटकात कुणी दिसलं की त्या आधी आतली प्लॅस्टिकची खुर्ची ओढत बाहेर आणत, पदरानं पुसत आणि म्हणत, "बसा. भायेरच बसा. आत काय हाय? आत भिंती हायत."

पहिल्यांदा मला तो अपमान वाटला होता. मी ओळखपत्र, कागद, पट्टी असा सगळा सरंजाम घेऊन गेलेली आणि या बाई मला गल्लीत, मोटारसायकलींच्या मध्ये बसवत होत्या. पुढे कळलं की जिल्ह्याचा साहेब असो, बँकेचा माणूस असो की मुलीला सोडायला आलेला बाप असो, सगळ्यांना हीच खुर्ची आणि हीच जागा.

तुम्ही लातूरच्या शिकवण्यांच्या भागात फिरला असाल तर अशी गल्ली तुमच्या डोळ्यांसमोर येईल. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली हॉस्टेलं, खाली झेरॉक्स, मेस आणि चहाची टपरी, वर जाळीला वाळत घातलेल्या ओढण्या. संध्याकाळी शिकवण्या सुटल्या की पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरांचा लोंढा, आणि वीज गेली की क्षणभर शांतता, मग एकामागून एक सुरू होणारे जनरेटर. त्या जनरेटरांपायीच मी तिथं गेले होते.

माझं काम थोडक्यात सांगते. मोठ्या इमारतींमुळे हवेत किती कार्बन जातो त्याची नोंद आमची छोटी संस्था ठेवते. मी नांदेडची, नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरं माझ्याकडे. हवेत नळी धरून काही मोजायचं नसतं. विजेची बिलं घ्यायची, डिझेल किती जळलं ते विचारायचं, गॅसच्या टाक्या मोजायच्या आणि ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. बिलं कुणी देत नाही, हा या कामातला अवघड भाग. अक्कांनी लगेच दिली.

"मॅडम, तुमी धूर मोजलालाव म्हणं?"

"तसंच समजा."

"लिटरवर का किलोवर?"

"किलोवर."

त्यांनी मेसमधल्या बाईला तिथूनच हाक मारली, "अगं ए, धूर आता किलोवर मोजायल्यात! कांद्याचा काटा दे मॅडमला."

मेसमधून हसण्याचा आवाज आला. मीही हसले. त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले.

पाच मजल्यांचं मुलींचं हॉस्टेल ही बाई फाटकातून आणि गच्चीवरून चालवायची. मधल्या मजल्यांवर त्यांना थांबलेलं मी पाहिलं नाही. जिना चढताना त्या बोलत नसत. पदर कमरेला खोचून, नजर पायऱ्यांवर ठेवून एका दमात वर. कुणी मुलगी मध्ये काही विचारायला आली तर हातानंच सांगत, वर ये. गच्चीवर पोचलं की मोठा श्वास सोडत आणि मग तिला म्हणत, "हां, बोल आता."

आठवड्यातून एकदा त्या फाटकात उभं राहून ताट वाजवायच्या. वेळ ठरलेली नसायची. ताट वाजलं की सगळ्या मुलींनी असेल ते टाकून खाली गल्लीत यायचं. कुणाच्या केसांना तेल, कुणाच्या हातात पेन. अहमदपूरच्या एका वडिलांनी माझ्यासमोर तक्रार केली होती, "अक्का, परीक्षा तोंडावर आलीय. तुमच्या ह्या ताटापायी पोरीचा अभ्यास बुडतोय."

"अभ्यास झाला आन पोरगी गेली तर मार्क कुणाला दाखवताव?" अक्का म्हणाल्या. ते गृहस्थ पुढच्या वर्षी धाकटीलाही तिथंच ठेवून गेले.

अक्का स्वतः राहायच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत. पाच मजल्यांची मालकीण, आणि राहायला चार पत्रे, एक बाज, एक पेटी, देवाची फळी. लातूरच्या मे महिन्यात त्या खोलीत काय होत असेल ते मी सांगायला नको. पत्र्यावर ओली पोती टाकलेली असत आणि ती बघता बघता वाळत. मी एकदा गच्चीची मापं घ्यायला वर गेले आणि राहवलं नाही म्हणून बोलले, "अक्का, इथं माणूस भाजून निघेल."

"निघू द्या की. भाजल्यालं माणूस दिसतंय तरी. दबल्यालं दिसत न्हाई."

ती गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता. निलंग्याच्या बाजूचं गाव. जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद. गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. यांची म्हैस व्यायला आलेली, म्हणून या गोठ्यात बसलेल्या. गोठ्यावर पत्रा होता. घरात नवरा आणि सासू होती.

"लोक म्हणतेत, म्हशीनं वाचवलं. म्हशीचं काय घेऊन बसलाव! तिच्या डोक्यावर पत्रा व्हता म्हणून ती बी वाचली."

मी विचारलं, "आणि रेडकू?"

"जगलं की," त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग फोडली.

आमच्या भागातल्या माणसांना हे नवं नाही. नांदेडला भूकंपाच्या त्या पहाटे आमच्या मांडणीवरची भांडी वाजली तेवढंच; पण त्यानंतर कितीतरी दिवस शेजारपाजारचे सगळे अंगणात झोपत होते. हळूहळू लोक आत गेले. अक्का गेल्या नाहीत. भावाच्या मदतीनं लातूरला आल्या, पोरांच्या मेसमध्ये स्वयंपाकाला लागल्या, मग पत्र्याच्या चार खोल्या बांधून मुली ठेवायला सुरुवात केली. शिकवण्यांना बाहेरून मुलं यायला लागली, मागणी वाढली, बँक मागे लागली आणि खोल्यांच्या जागी इमारत उभी राहिली. बांधकाम चाललं तेवढे दिवस त्या समोर खुर्ची टाकून बसल्या आणि ठेकेदाराला गज मोजून घालायला लावले.

"मग अशा पक्क्या इमारतीत झोपायला काय हरकत आहे?" मी विचारलं.

"इमारतीचं भ्या न्हाई ओ ताई. मला झोपेचं भ्या हाय. जागी असले तर मी पळंन. झोपले की माझ्या हातात काय ऱ्हायलं?"

मी गच्चीची मापं घेतली आणि खाली आले.

त्या वर्षीचा आमचा अहवाल तयार झाला तेव्हा अक्कांची इमारत वाईट इमारतींत निघाली. क्षेत्रफळानं भागलं की हॉस्टेलांचं असंच होतं, कारण खोल्या लहान आणि माणसं फार. काचेच्या, थंडगार शिकवणीच्या इमारती त्यांच्यापेक्षा सभ्य दिसतात. मी हे त्यांना फाटकातल्या खुर्चीवर बसून समजावलं.

"पोरी मोजा की. फरशी कामून मोजताव?"

"तोही रकाना आहे अक्का. त्यात तुमचं बरं आहे."

"मंग त्योच वर लिवा."

"दोन्ही लिहावे लागतात."

"लई हट्टी बाई हाव तुमी," त्या म्हणाल्या आणि चहा मागवला. म्हणजे रागावल्या नव्हत्या.

पण डिझेल कुठल्याच रकान्यात बरं दिसत नव्हतं. जनरेटर फाटकाच्या आत, भिंतीला लागून, वेगळ्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. त्याचा धूर वर आकाशात जायचा तो जायचाच, पण त्याआधी पहिल्या मजल्याच्या खिडकीत शिरायचा. त्या खिडकीखालची भिंत काळी पडली होती. खोलीत देगलूरची एक मुलगी राहायची. डोळे मोठे, बोलणं कमी, घरी फोनवर निम्मं तेलुगू निम्मं मराठी. तिला दमा होता. अक्का तिला गरम पाण्याची वाफ द्यायच्या, खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबायच्या. एके दिवशी मी बिलं न्यायला आले होते आणि वीज नुकतीच गेली होती. मुलगी खोकत खाली आली आणि शेजारच्या पायरीवर बसली.

"खिडकी लाव म्हणलं व्हतं ना बाळा," अक्का म्हणाल्या.

"लावली की गुदमरायलंय अक्का," ती म्हणाली. "उघडली की खोकला येतोय."

अक्कांच्या हातातलं काम थांबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या त्या कागदात काय उपाय लिवलाय म्हणलाव?"

उपाय साधा होता. गच्चीवर सोलर, खाली बॅटऱ्या, जनरेटर बंद. वीज गेली तर दिवे-पंखे चालतील, लिफ्ट थांबेल. "थांबू द्या," अक्का म्हणाल्या. लिफ्टला त्या शवपेटी म्हणत.

मी नांदेडच्या इम्रानला बोलावलं. त्याच्या वडिलांचं बॅटऱ्यांचं दुकान, हा शिकून सोलरच्या कामात पडलेला. त्यानं गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या, होकायंत्र काढलं आणि पत्र्याच्या खोलीसमोर उभा राहिला.

"अक्का, ही खोली नडते. हिची सावली बराबर कामाच्या जागेवर पडते."

"मंग पत्र्यावर बसव."

"पत्रा सडलाय. अँगल काडीसारखे आहेत. नाही धरणार."

"मंग उंच कर. घोडा करून बसव वर. मी खाली ऱ्हाते, तुझ्या सोलरच्या सावलीत."

मला ही कल्पना फार आवडली. मनातल्या मनात मी तिच्यापुढे बरोबरची खूण करून टाकली. इम्रानही मान हलवायला लागला. "होतं ना, का नाही होणार? फक्त वाऱ्याला उडू नये म्हणून जाड लोखंड लागेल, आणि पायथ्याला काँक्रीटचे ठोकळे."

"किती जड?"

इम्राननं सांगितलं.

अक्का कठड्यापाशी गेल्या. खाली मुली शिकवणीहून परत येत होत्या. त्यांच्याकडे बघतच म्हणाल्या, "न्हाई. वर जड घालायचं न्हाई. वर हलकं, खाली भारी. खाली पाच मजले पोरी हायत."

"अक्का, इमारत पेलेल, इंजिनिअरला दाखवू," मी म्हणाले.

"माळवद बी पेलत व्हतं ताई. लई वर्सं पेललं."

आम्ही तिघं त्या उन्हात उभे राहिलो. एक तर अक्कांची खोली राहील, नाहीतर पॅनल बसतील. दोन्ही होणार नव्हतं. आणि ती खोली गेली तर अक्का झोपणार कुठं, हे इम्रानला कळलं नसेल, पण मला कळलं होतं.

मी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. तळमजल्यावर राहून बघा म्हणाले. त्यांनी बघितलं. ऑफिसच्या खोलीत बाज टाकली, पण निम्मी दाराबाहेर. डोकं व्हरांड्यात, पाय आत. सकाळच्या शिकवणीला निघालेल्या मुली त्यांना ओलांडून जायला लागल्या. एकीची चप्पल कपाळावर पडली. गल्लीतलं कुत्रं शेजारी येऊन झोपायला लागलं. पुढच्या भेटीत त्यांचे डोळे लाल होते.

"सोबत बरी मिळाली," त्या कुत्र्याकडे बघून म्हणाल्या. "पर त्ये घोरतंय. मी नुसती स्लॅबकडं बघत बसते, आन त्ये घोरतंय."

मी घरून आणखी चार पर्याय लिहून नेले होते. ते वाचून दाखवले. शांतपणे ऐकून त्या म्हणाल्या, "लई चांगलं लिवताव तुमी. पर झोप लिवून येती का ओ?"

"मग राहू द्या सोलर. त्या मुलीला वरच्या मजल्यावर हलवा."

"हलवली. पर त्या खोलीत आता कुणाला ठिवू? जिचा दम चांगला हाय तिला?"

यानंतर मी आग्रह सोडून दिला.

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं झालं तेव्हा इम्रानचा फोन आला की अक्कांनी पत्रा काढायला सांगितलाय. मी गेले. अक्का वर आल्या नाहीत. फाटकातल्या खुर्चीवर बसून राहिल्या. माणसं जिन्यानं एकेक पत्रा खाली आणत होती आणि त्या प्रत्येकाला सांगत होत्या, "हळू रं. भिंतीला लावू नगंस." पेटी आली, देवाची फळी आली. बाज लिफ्टमधून आली, तेव्हा मात्र म्हणाल्या, "माझ्या आधी माझी बाज बसली बगा त्या पेटीत."

मला हसू आलं नाही. मी विचारलं, "आज कुठं झोपणार?"

"बघू की. गल्ली काय कुणी उचलून न्हेली न्हाई."

पॅनल बसले. जनरेटर एका मांडववाल्यानं नेला. मी पुढच्या महिन्यात मीटरचं रीडिंग घ्यायला गेले तेव्हा फाटकात खुर्ची होती, अक्का नव्हत्या. हाक मारली तर उत्तर शेडमधून आलं. वाकून बघितलं. जनरेटर होता तिथं बाज टाकलेली, कोपऱ्यात पेटी, भिंतीवर देव. खालच्या फरशीवर तेलाचे काळे डाग तसेच.

"अक्का, इथं?"

"पत्राच हाय की! आन दार सरळ गल्लीत उघडतंय. गच्चीवरनं तर पाच जिने पळावं लागलं असतं. माझ्या टकुऱ्यात आधी कामून आलं न्हाई, हेच बघायलेय."

ते माझ्याही आलं नव्हतं, आणि इम्रानच्याही. इतके दिवस आम्ही सगळे गच्चीकडेच बघत होतो.

"डिझेलचा वास येत नाही?"

"येतोय थोडा. उदबत्ती लावते."

इम्रान तपासणीला आला की मुद्दाम शेडच्या दारात उभा राहून ओरडायचा, "अक्का, आता इथला जनरेटर तुम्हीच!"

"हाव रं. आवाज करते, धूर काढत न्हाई. मॅडमला लिवून घ्यायला सांग."

देगलूरच्या मुलीला मेडिकलला नाही, पण नर्सिंगला प्रवेश मिळाला. अक्कांनी पेढे वाटले ते मेडिकलचेच. पहिल्या मजल्यावरची ती खिडकी उघडी राहायला लागली. आमच्या नोंदीत इमारत बरीच वर सरकली, क्षेत्रफळाच्या रकान्यातसुद्धा. मी त्यांना तो कागद दाखवला तर त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यात माझी बाज कुठं दिसत न्हाई." नाही दिसत. आमच्या कागदात तसा रकाना नाही.

शेडमध्ये त्या दोन उन्हाळे राहिल्या. मग छातीचं दुखणं निघालं. भाचा नांदेडला असतो, तो त्यांना तिकडच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन आला. तिथूनच त्या गेल्या. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दवाखान्यात, आणि खरं सांगायचं तर कामासाठीच गेले होते. मोठ्या इमारतींच्या यादीत तोही दवाखाना होता. सकाळभर मी वरचे मजले फिरत होते. एसी, पाणी तापवायची यंत्रं, लिफ्ट. मग जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्या मजल्यावर अक्कांच्या वॉर्डात गेले.

त्या भिंतीकडच्या खाटेवर होत्या. दारापासून लांब. मी नर्सला म्हणाले की यांना दाराजवळची खाट देता येईल का, तर अक्काच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तिथल्या म्हातारीला सारकं उठावं लागतंय."

मग माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, ह्या मजल्याच्या वर किती हायत?"

"दोन," मी म्हणाले.

"चार हायत. स्ट्रेचरवरनं आत घेताना मोजलेत म्या."

"मग विचारलं कशाला?"

"तुमाला खोटं बोलता येतंय का, त्ये बघायलेय." त्या हसल्या आणि त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "आपल्या डोक्यावर कोण हाय?"

"लहान मुलांचा वॉर्ड."

"आन ह्यांचा जनरेटर?"

"मागच्या बाजूला."

"धूर त्या लेकरांकडं जातोय का?"

"उंच चिमणी लावलीय अक्का. मी बघितलंय सकाळी."

"सकाळी चालू व्हता का?"

चालू नव्हता. सकाळी वीज होती. मी तसं सांगितलं.

"आताच गेलीय बगा लाइट, तुमी यायच्या आधी. चालू आसंल. बगून या."

मी गेले. जिन्यानं खाली, कपडे धुण्याच्या खोलीमागून, मागच्या अंगणात. जनरेटर चालू होता. चिमणीच्या तोंडापाशी उभं राहून नीट बघितलं. वारा चांगला होता. धूर इमारतीला न लागता तिरका वर चढत होता आणि गोदावरीच्या बाजूला जात होता. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीत एक बाई लेकराला कडेवर घेऊन खालचं काहीतरी दाखवत होती. खिडकी उघडी होती. मी सगळ्या खिडक्या एकदा बघून घेतल्या आणि परत वर आले.

अक्का झोपल्या होत्या. कूस भिंतीकडे, एक हात डोक्याखाली, तोंड थोडं उघडं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "तुमी गेल्या गेल्या झोपल्या. चांगलं घोरायल्यात."

धूर नदीकडे जातोय, हे त्यांना सांगायचं होतं. मी खुर्ची ओढली आणि त्या जाग्या होण्याची वाट बघत खाटेजवळ बसले. दुपारभर त्या जाग्या झाल्या नाहीत.